पाठ न फिरवण्याच्या वशाची कहाणी

ऐक ग रेघाई, मैदानाच्या आई, तुझी कहाणी. बायांनो, हातात चार-चार फुटाणे घ्या. तोंडात टाकू नका, शेवटी वाहायचे आहेत. मागच्यांनी पुढं सरका, म्हणजे मला ओरडावं लागणार नाही.

आटपाट म्हणतात ते एक नगर होतं. नगराला राजा होता, राजाला प्रधान होता, प्रधानाला पोट होतं. नगरात विहिरी होत्या, बाजार होता, देवळं होती. पण नगराचा जीव कशात होता? वेशीबाहेरच्या मैदानात होता. मैदानात हुतुतूचा संघ होता. संघात सात गडी होते, हैबती त्यांचा नायक होता. दरसाल चैत्रात शेजारच्या खटपट नगराशी सामना होई. जिंकेल त्याला चांदीची गदा मिळे. गदा खटपट नगरात होती. केव्हापासून होती? राजाच्या आजोबापासून होती. आटपाट नगरानं गदेसाठी देवळात एक कोनाडा करून ठेवला होता. दरसाल त्यातली जळमटं काढत, दिवा लावत, सामना हरत, आणि पुढच्या वर्षी बघू म्हणत.

संघ वाईट होता म्हणावं, तर तसंही नव्हतं. वाईट असता तर बरं झालं असतं, कुणी आशा तरी लावली नसती. पहिल्या डावात असा खेळे, की बाया घरी धावत जाऊन पुरणाची डाळ शिजत घालून येत. दुसऱ्या डावात असा खेळे, की ती डाळ आमटीत जाई. आटपाट नगराइतकी कटाची आमटी पृथ्वीच्या पाठीवर कुणी खाल्ली नसेल.

मग नगरानं काय काय केलं? राजानं सामन्याला जुनीच पगडी घातली. प्रधानानं डावा पाय आधी टाकून उंबरा ओलांडला. सोनारानं मैदानात पोराला शिंकू दिलं नाही. कशाचा उपयोग झाला नाही. मग एकदा काय झालं? एका म्हाताऱ्याला हरणं बघवेना. तो वळला, मैदानाकडं पाठ करून उभा राहिला, आणि नेमका तेव्हाच आपल्याला एक गुण मिळाला. झालं! सगळे म्हणाले, आपण बघतो म्हणून दृष्ट लागते. तेव्हापासून नगराची रीत पडली. संघ मागं पडला की पाठ फिरवायची. आधी राजा वळे, मग प्रधान वळे, मग सगळं नगर वळे. मैदानाभोवती नुसत्या पाठीच पाठी. थोडा वेळ असे कानानं सामना ऐकत. मग आधी राजा घरी जाई, मग प्रधान घरी जाई, मग सगळं नगर घरी जाई. दारं लावून बसत. गडी हरून परत येत, तेव्हा रस्त्यात कुत्रंसुद्धा नसे.

त्या नगरात एक बुरूड राहत होता. त्याचं नाव भिवा. तो गावोगावच्या बाजारी सुपं-टोपल्या विकत हिंडे. घरी त्याची आई होती, आऊबाई. आणि बायको होती, सगुणा. सगुणा माहेरची साधी, हाताची चलाख, पण हुतुतूची वेडी. मैदानाच्या कडेला बसे, मांडीवर टोपली विणी, आणि डोळा मैदानावरून हलवत नसे. संघ जिंकायला लागला की टोपली गोल होई. हरायला लागला की वाकडी होई. सातही गड्यांची चढाई, पकड, कोण कुठल्या पायावर वळतो, कुणाचा गुडघा दुखतो, सगळं तिला ठाऊक. तिची एकच इच्छा होती. म्हणे, "देवा, लुगडं नको, पाटल्या नकोत. एकदा, फक्त एकदा, माझ्या डोळ्यांनी आमचा संघ जिंकलेला बघू दे."

पण तिच्यात एक खोड होती. तिला पाठ फिरवता येत नसे. सगळं नगर वळलं तरी ही आपली समोर बघत बसे. सासू म्हणे, "वळ ग." सगुणा म्हणे, "वळते हं सासूबाई, एवढी चढाई होऊ दे." एवढी चढाई होई, मग तेवढी चढाई होई, मग सामना संपे, मग आपण हरलेले असू.

एके वर्षी असंच झालं. संघ पुढं होता, मग बरोबरीत आला, मग मागं पडला. सगळं नगर वळलं. तेवढ्यात प्रधानानं चोरून मान वळवली, गड्यांकडं बघायला नव्हे, कोण कोण बघतं ते बघायला. त्याला सगुणा दिसली. तो ओरडला, "अहो महाराज, ही बघतेय! म्हणूनच हरतो आपण!" मग सोनार म्हणाला, "तरीच." वाणी म्हणाला, "तरीच." तिच्या सासूनं, आऊबाईनं, पदर तोंडाला लावला. राजानं दवंडी पिटवली, की भिवा बुरडाच्या बायकोनं मैदानाकडं डोळा उचलून बघू नये. बघेल तर नगराबाहेर घालू.

सगुणा रडली. पाणी आणायला गेली की रडली, बांबू तासायला बसली की रडली, भाकरी थापताना रडली, तेव्हा पिठात मीठ घालायचं राहिलं तरी कुणाला कळलं नाही. मग एके दिवशी तिला राहवेना. डोळ्यांवर पदर ओढून ती वेशीबाहेर गेली. तों काय झालं? मैदानात एक म्हातारी वाकून रेघा आखत होती. काखेत फक्कीची टोपली, पांढरे हात, पांढरे पाय. मधली रेघ आखता आखता म्हातारी थबकली, म्हणाली, "बाई, बाई, कुणाची कोण? मैदानात येतेस अन् जमिनीकडं काय बघतेस?"

सगुणा म्हणाली, "आजी, मला बघायची बंदी आहे. मी बघितलं की आमचा संघ हरतो."

म्हातारी खुदकन हसली. म्हणाली, "खटपट नगराचे गडी काय मग तुझ्या डोळ्यांना बघून पकडी करतात होय? ऐक. मी तुला एक वसा सांगते. पण तू काय, चार दिवस करशील. जिंकलात की फुगशील, हरलात की रुसशील, वसा अर्ध्यावर टाकून देशील."

"फुगायची नाही, रुसायची नाही, वसा टाकायची नाही."

तेव्हा म्हातारीनं वसा सांगितला. "सामन्याच्या दिवशी पहाटे उठावं, न्हावं. मधल्या रेघेला हळदकुंकू वाहावं, गूळ-फुटाण्यांचा नैवेद्य दाखवावा. मग आपल्या गड्यांच्या बाजूला बसावं. सातही जणांची नावं घ्यावीत, जो वाईट खेळतो त्याचं आधी घ्यावं. शेवटची शिट्टी होईस्तवर उठू नये, पाठ फिरवू नये. शिव्या देऊ नयेत."

सगुणा म्हणाली, "आजी, एकसुद्धा नाही?"

म्हातारीनं जरा विचार केला. "पंचाला एखादी चालेल. पण मनात. आणि हरल्यावर गड्यांना गूळ-पाणी द्यावं, बोल लावू नयेत. हा वसा कधी घ्यावा? संघ हरत असेल तेव्हा घ्यावा. उद्यापन कधी करावं? संघ जिंकेल तेव्हा करावं. दोन्ही संघांना जेवायला बोलवावं. हरलेल्यांना आधी वाढावं, कारण त्यांना भूक नसते, आग्रह करावा लागतो."

सगुणेनं विचारलं, "आणि संघ कधीच जिंकला नाही तर?"

म्हातारी उत्तर द्यायला तिथं होती कुठं? रेघ होती, फक्की होती, म्हातारी नव्हती. सगुणेनं ओळखलं, ही रेघाई. तिनं रेघेला डोकं टेकवलं, कपाळाला पांढरं लागलं, ते तिनं पुसलं नाही.

दुसरं साल उजाडलं. सगुणा पहाटे उठली, न्हाली, रेघेला हळदकुंकू वाहून आली. मग घोंगडी डोक्यावरून घेऊन मैदानाच्या कडेला बसली. पहिला डाव झाला, संघ पुढं होता. दुसरा डाव लागला, संघ मागं पडला. राजा वळला, प्रधान वळला, नगर वळलं. आऊबाई सासू शेजारीच होती. तिनं घोंगडीखालचं तोंड ओळखलं. ती घाबरली. म्हणाली, "सगुणे, वळ ग बाई. तुला हाकलून देतील, माझ्या भिवाचा संसार मोडेल. तुझ्या पाया पडते." सासूनं खरंच पायाला हात लावला. आता सासू पाया पडल्यावर कुठली सून काय करील? सगुणेला वसा आठवला, पण लाज वाटली, भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर तिच्याही मनात आलं, की खरंच माझेच डोळे वाईट असले तर? ती वळली. घेतला वसा टाकला.

मग काय झालं? मागून नुसते आवाज येत राहिले. धप्प झालं, कुणी कण्हलं, खटपट नगरवाले आरोळ्या देत राहिले. असा मार आटपाट नगरानं कधी खाल्ला नव्हता. प्रधान म्हणाला, "बघा, ती बुरडीण नाही, तरी हरलो." सोनार म्हणाला, "कुठून तरी चोरून बघत असेल."

भिवा बाजाराहून घरी आला. दरसाल तो ओसरीवर बसे, आणि सगुणा त्याला सामना जसाच्या तसा सांगे. ती हातवारे करी, धापा टाकी, आणि तो बिचारा फिरत्या पायांचा माणूस, तिच्या तोंडून सामना बघे. त्या दिवशी त्यानं विचारलं, "काय ग, कसं झालं?" सगुणेनं तोंड उघडलं. तोंडात काही नव्हतं. म्हणाली, "मी बघितलं नाही." भिवानं पुन्हा विचारलं नाही, तेच तिला फार लागलं.

इतक्यात दारात कुणी खाकरलं. बघते तर गोंदोबा. गोंदोबा म्हणजे संघातला कोपऱ्यावरचा गडी. अंगानं जाड, चालीनं मंद. चढाईला त्याला कुणी धाडत नसे. पोरं त्याला बघून 'पळ गोंदोबा' म्हणून खिजवत. त्याचं ढोपर सोललं होतं, मातीनं तोंड माखलं होतं. म्हणाला, "वहिनी, आजारी होता का?"

"नाही बा. का?"

"नाही, आज दिसला नाहीत. दरसाल आम्ही मागं पडलो की सगळ्या पाठी दिसतात. त्यात तुमचं एकटीचं तोंड असतं. आमच्यात बोलणं असतं, घाबरू नका, वहिनी आहेत अजून. आज हैबतीनं दोनदा बघितलं, मीही बघितलं. कुणीच नव्हतं. मग आम्ही म्हटलं, आता कुणासाठी खेळायचं?" एवढं बोलून त्याला स्वतःचीच लाज वाटली. पाणी मागितलं, प्यायला आणि लंगडत गेला.

सगुणा चुलीपाशी बसली ती हमसून हमसून रडली. मग उठली, पदर खोचला, नवऱ्याला म्हणाली, "धनी, पुढच्या साली मी मैदानात बसणार. उघड्या तोंडानं बसणार. राजानं हाकललं तर तुम्ही काय कराल?" भिवा म्हणाला, "आपलं काय, बांबू कुठंही मिळतो." असा नवरा तुम्हां-आम्हां सगळ्यांना मिळो. आऊबाई आतून ऐकत होती.

तिसरं साल उजाडलं. सगुणा पहाटे उठली, न्हाली, रेघेला हळदकुंकू वाहिलं, फुटाण्यांचा नैवेद्य दाखवला. म्हणाली, "आई, एकदा चुकले, पुन्हा चुकायची नाही." आणि मोकळ्या तोंडानं आपल्या गड्यांच्या बाजूला जाऊन बसली. सोनार म्हणाला, "निर्लज्ज!" वाणी म्हणाला, "निर्लज्ज!" प्रधानानं शिपाई धाडला. तेवढ्यात पंचानं शिट्टी मारली. सामन्यात मध्येच माणूस उठवायचा नाही, हा त्या मैदानाचा नियम. शिपाई म्हणाला, "संपल्यावर बघतो." आणि तोही सामना बघायला लागला.

पहिला डाव झाला, संघ पुढं होता. बाया डाळ शिजत घालून आल्या. दुसरा डाव लागला. हैबती चढाईला गेला, त्याला धरला. दुसरा गेला, त्यालाही धरला. तिसऱ्याचा दम सुटला. राजा वळला, प्रधान वळला, नगर वळलं. मग राजा घरी गेला, प्रधान घरी गेला, नगर घरी गेलं. आऊबाईनं सुनेकडं बघितलं, हात जोडले, आणि तीही गेली. शिपाई तेवढा टेकू घेऊन उभा होता, त्याला झोप लागली. सगुणा एकटी राहिली.

आता नीट ऐका, आणि हुतुतू ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आणखी नीट ऐका. गडी दम धरून पलीकडं जातो. ज्याला शिवून मधल्या रेघेवर परत येतो, तो बाद. पलीकडच्यांनी त्याला धरला आणि दम सुटला, की तोच बाद. सातही बाद झाले तर लोण चढतं, वर दोन गुण जास्तीचे. आटपाट नगर आठ गुणांनी मागं होतं. सहा गडी बाद होऊन बाहेर बसले होते. आत कोण उरला? गोंदोबा उरला. सामना किती उरला? एक चढाई उरली.

खटपट नगरवाले हसायला लागले. एकजण म्हणाला, "या, पाव्हणं, जेवूनच जा." गोंदोबानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मैदान रिकामं. कडेला एक बाई बसलेली. ती ओरडली, "गोंदोबा!" वाईट खेळतो त्याचं नाव आधी घ्यावं ना? मग ओरडली, "हैबती! म्हंकाळा! रघू!" बाहेर बसलेल्यांचीही नावं घेतली, साती नावं घेतली. गोंदोबानं रेघेची माती कपाळाला लावली, "हुतुतू" म्हणत गेला.

तो गेला तो थेट त्यांच्या घोळक्यात गेला. एकानं पाय धरला. दुसऱ्यानं कंबर धरली. जाड माणूस पडलेला बघायची सगळ्यांनाच हौस, तिसरा, चौथा, पाचवा, साती जण त्याच्यावर पडले. गोंदोबा खाली गेला. हुतुतू थांबलं का? थांबलं नाही. बारीक झालं, पण थांबलं नाही. गोंदोबा कोपरांवर सरकायला लागला. अंगावर सात माणसं, तोंडात माती, आणि हा रेघेकडं सरकतोय. त्याचा दम संपत आला, तशी सगुणाही श्वास सोडायची विसरली. ती रांगत रेघेच्या टोकाशी आली, म्हणाली, "ये बाबा, ये, जवळ आलास, ये." हात लांब झाला. मग बोटं लांब झाली. मग मधल्या बोटाचं नख फक्कीला लागलं.

कुणी म्हणतं, तेव्हा रेघच पुढं सरकली. मी नाही म्हणत. सगुणेनंही तसं सांगितलं नाही. तिनं सांगितलं, बोट पोचलं.

सात गडी बाद, सात गुण. लोण चढलं, वर दोन. पंचानं शिट्टी मारली. आटपाट नगर एका गुणानं जिंकलं.

सगुणा ना ओरडली, ना नाचली. मटकन खाली बसली आणि म्हणाली, "जिंकलो होय?" मग गडी एकमेकांच्या गळ्यात पडून रडायला लागले, शिपाई जागा झाला, आणि काय झालं म्हणून विचारायला लागला.

गडी गदा घेऊन वेशीत शिरले. रस्ते रिकामे, दारं बंद. सगुणेनं प्रधानाचं दार वाजवलं, "उघडा, जिंकलो!" प्रधान आतून म्हणाला, "हरलेल्यांची चेष्टा करू नये." तिनं सोनाराचं दार वाजवलं, "उघडा, जिंकलो!" सोनार म्हणाला, "हिला वेड लागलं." तिनं आपल्या घराचं दार वाजवलं. आऊबाईनं ते उघडलं. सुनेच्या मागं सात मातकट माणसं आणि मधे चांदीची गदा. आऊबाईनं गदेला हात लावला, दाताखाली करंगळी धरली आणि अंगणात उभी राहून अशी बोंबलली, की राजवाड्यातली कबुतरं उडाली.

मग दारं उघडली. नगर रस्त्यावर आलं. ढोल आले, गुलाल आला. आणि मग एकेकाचं तोंड उतरत गेलं. कारण प्रत्येकानं शेजाऱ्याला विचारलं, "कसं झालं रे?" आणि शेजारी म्हणाला, "मी घरी होतो." राजा आला. त्याची जुनी पगडी वाकडी झाली होती. म्हणाला, "माझ्या आजोबानं वाट बघितली, बापानं बघितली, मी जन्मभर बघितली. आणि जेव्हा झालं, तेव्हा मी डाळिंब सोलत बसलो होतो." तो लहान मुलासारखा रडला. मग म्हणाला, "कुणी बघितलं?"

गोंदोबानं बोट दाखवलं. "वहिनींनी."

सगळं नगर सगुणेकडं वळलं. ज्या डोळ्यांना बंदी घातली होती, तेवढेच दोन डोळे ते बघून आले होते. तिला बोलायला जागा होती. चार शब्द सुनावले असते तर कुणी नाही म्हटलं नसतं. तिच्या जिभेवर आलंही. पण जिंकल्यावर फुगायचं नाही, असा वसा होता. ती म्हणाली, "महाराज, खाली बसा. प्रधानजी, तुम्ही पुढं बसा, मागच्यांना दिसू द्या. खटपट नगरच्या गड्यांनाही बोलवा, ते माझ्याकडं जेवणार आहेत. त्यांना आधी वाढा, मग सांगते."

मग तिनं सांगितलं. उभी राहून, हातवारे करून, धापा टाकून सांगितलं. भिवा बाजारातून आला, त्याच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, ज्यानं निर्लज्ज म्हटलं होतं त्यालाही सांगितलं. सगळे पांगल्यावर आऊबाई चुलीपाशी येऊन बसली. हळूच म्हणाली, "सगुणे, नख लागलं तेव्हा गोंदोबाचं तोंड कसं होतं ग?" सगुणेनं तिला जवळ घेतलं आणि पुन्हा सांगितलं.

बायांनो, पुढच्या साली काय झालं म्हणाल, तर पुढच्या साली आटपाट नगर हरलं. पहिल्या डावात पुढं होतं, दुसऱ्यात मागं पडलं, नेहमीसारखं. पण राजा वळला नाही, प्रधान वळला नाही, नगर वळलं नाही. सगळे समोर बघत बसले. राजा उघड्या तोंडानं रडला, सोनारानं पंचाला मनातल्या मनात शिवी दिली, आऊबाईनं साती नावं घेतली. शिट्टी झाल्यावर गडी मान खाली घालून निघाले, तर त्यांना जायला वाट मिळेना, एवढी माणसं गूळ-पाणी घेऊन उभी होती. आमटी त्या दिवशीही झाली. पण ती सगळ्यांनी एका पंगतीला बसून खाल्ली.

रेघाई जशी सगुणेला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. आपला संघ जिंकला तर आपण तिथं असावं. हरला तर आपल्या शेजारी कुणी असावं. आता फुटाणे वाहा. साठ तोंडांनी विचारलेली, एका तोंडानं सांगितलेली ही कहाणी पाची बोटं जोडून, समोर बघून, सुफळ झाली, संपूर्ण झाली.